‘ग्राउंडहॉग डे’ मुलांना दाखवावा काय?

शनिवारी रात्रीचे जेवण आटोपल्यावर सभागृहात पांढरा पडदा लावून विद्यार्थ्यांना चित्रपट दाखविण्याची पद्धत आपल्या शाळेत बरीच वर्षे चालू आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी त्याच सतरंजीवर बसून आयुष्यातला पहिला इंग्रजी चित्रपट पाहिला असेल. आज हेच माजी विद्यार्थी निरनिराळ्या शहरांतून चित्रपटांची नावे सुचवितात आणि त्या यादीत एक नाव वारंवार येते : ‘ग्राउंडहॉग डे’. ‘सर, यात हसत-खेळत धम्म सांगितला आहे, मुलांना अवश्य दाखवा,’ अशी शिफारसही सोबत असते. याउलट काही पालक विचारतात, की ज्यातला नायक दारू पितो, स्त्रियांना फसवितो आणि पुनःपुन्हा स्वतःचा जीव घेतो, असा चित्रपट निवासी शाळेत दाखवायचाच कशाला? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या एका चित्रपटाच्या निमित्ताने, मुलांसाठी चित्रपटाची योग्यता कशी पारखावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चित्रपटाची गोष्ट

हा अमेरिकन चित्रपट १९९३ साली प्रदर्शित झाला. मूळ कथा डॅनी रुबिन यांची. पटकथा रुबिन आणि दिग्दर्शक हॅरोल्ड रॅमिस या दोघांची. बिल मरे यांनी साकारलेला फिल कॉनर्स हा पिट्सबर्ग शहरातील दूरचित्रवाणीवर हवामानाचा अंदाज सांगणारा, स्वतःवर खूश असलेला आणि इतरांना तुच्छ लेखणारा माणूस आहे. दरवर्षी २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनिया राज्यातील पंक्सटॉनी या लहान गावी एक गमतीदार उत्सव भरतो. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा, अंगाने थोराड प्राणी. त्या दिवशी बिळाबाहेर आल्यावर त्याला स्वतःची सावली दिसली, तर थंडी आणखी सहा आठवडे लांबणार, असा तेथील लोकसमज आहे. या उत्सवाचे वार्तांकन करण्यासाठी फिल नाखुशीने त्या गावी जातो. हिमवादळामुळे परतीचा रस्ता बंद होतो आणि मुक्काम वाढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता घड्याळातील रेडिओ वाजतो, तेव्हा कालचेच गाणे लागलेले असते. खिडकीबाहेर कालचीच गर्दी असते. पुन्हा २ फेब्रुवारीच उजाडलेली असते.

यानंतर तो दिवस संपतच नाही. असे किती दिवस गेले, हे चित्रपट सांगत नाही. गावातील कोणालाही कालचे काही आठवत नाही; आठवते ते फक्त फिलला. आधी तो गोंधळतो, मग ‘उद्याच नाही, तर परिणामांची भीती कशाला?’ या विचाराने मोकाट सुटतो. त्या मोकळेपणाचाही कंटाळा आला, की निराश होतो. अखेरीस, दुसरा काही मार्गच न उरल्यामुळे, तो माणूस होण्यास शिकतो. कथेचा सांगाडा एवढाच आहे. मात्र तो इतक्या हलक्या हाताने उभा केला आहे, की पाहणारा आधी हसतो आणि विचार त्याच्या मनात मागाहून शिरतो.

प्रमाणपत्र काय सांगते?

अमेरिकेत या चित्रपटाला ‘पीजी’, म्हणजे पालकांनी मार्गदर्शन करावे असे सुचविणारे प्रमाणपत्र मिळाले. आपल्याकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन पोटविभाग झाले आहेत. असे वर्गीकरण पालकांना निश्चितच उपयोगी पडते. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. हिंसा, अंगप्रदर्शन, शिवीगाळ, व्यसन यांसारख्या पडद्यावर मोजता येण्याजोग्या गोष्टी पाहून ते दिलेले असते. सतरंजीवर बसलेले मूल कोणते, ते कालपरवाच कोणत्या घरातून आले, हे प्रमाणपत्र देणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘पालकांनी मार्गदर्शन करावे’ या शब्दांतील पालक निवासी शाळेत रात्री हजर नसतो. त्याची जागा शिक्षकाने आणि गृहपालाने घ्यावयाची असते.

पाच शीलांची कसोटी

आपल्या विद्यार्थ्यांना रोज सकाळच्या वंदनेमुळे पंचशील पाठ असते. त्या कसोटीवर हा चित्रपट घासून पाहिला, तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. नायक पाचही शीले मोडतो. तो पैसे वाहून नेणाऱ्या गाडीतून चोरी करतो. मद्यपान करून गाडी हाकतो. एका स्त्रीकडून तिच्या शाळेची आणि शिक्षिकेची माहिती काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी जुना वर्गमित्र असल्याची बतावणी करून तिला फसवितो. सहकारी रीटा हिच्याशीही तो खोटेच वागतो. शेवटी त्या मुक्या प्राण्याला गाडीत घालून त्याच्यासह स्वतःचा अंत घडवून आणतो.

एवढ्यावरून चित्रपट वाईट ठरवावा, असे कोणासही वाटेल. परंतु शील मोडलेले दाखविणे आणि शील मोडण्याची शिकवण देणे, यांत अंतर आहे. पाहावयाचे ते हे, की मोडण्याचे फळ चित्रपट काय दाखवितो. येथे चोरीच्या पैशाने आनंद टिकत नाही. सकाळी सहा वाजता खिसा पूर्ववत रिकामा होतो. रीटाची आवडनिवड पाठ करून तिच्यासारखेच आपल्यालाही सारे आवडते, असे भासविणारा फिल रोज रात्री तिच्या हातची थप्पड खातो. कारण पाठ केलेल्या उत्तरांमागे माणूस नाही, हे तिला दर वेळी कळते. समाजमाध्यमांवरून कोणाची माहिती गोळा करून ओळख वाढविण्याच्या आजच्या काळात, नववी-दहावीच्या मुलामुलींशी या विषयावर बोलण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते. मात्र नववीच्या विद्यार्थ्याला कळणारा हा उपहास सहावीच्या विद्यार्थ्याला केवळ चातुर्य वाटू शकतो. म्हणजे दृश्य तेच असले, तरी वयानुसार त्याचा अर्थ उलटा होतो.

माझी चूक

चित्रपटातील सर्वांत नाजूक भाग मात्र निराळा आहे. निराश झालेला फिल अनेक प्रकारे स्वतःचे जीवन संपवितो आणि दर वेळी सहा वाजता त्याच बिछान्यात जागा होतो. ही दृश्ये एकापाठोपाठ एक, झपाट्याने येतात आणि त्यांच्यावर हशा पिकतो.

काही वर्षांपूर्वी मी हा चित्रपट पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सर्व मुलांना एकत्र बसवून दाखविला. मला स्वतःला तो फार आवडला होता, हे त्याचे कारण. घड्याळ वाजले की सभागृह हसत होते आणि मीही हसत होतो. दिवे मालविल्यावर फेरी मारताना सहावीतील एक मुलगा जागा दिसला. त्याने विचारले, ‘सर, घड्याळ वाजलं की तो उठायचा. तसं कुणाचं खरंच होतं का?’ त्याच्या वडिलांनी आदल्या वर्षी कर्जापायी आत्महत्या केली होती. प्रवेशाच्या वेळी तशी नोंद झाली होती आणि ती मीच वाचली होती. मी ‘नाही, बाळा’ एवढेच म्हणालो आणि बराच वेळ त्याच्या खाटेशी बसून राहिलो.

त्या रात्रीनंतर मी चित्रपट निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारतो. यातील हशा कशावर पिकतो आणि तो कोणाला बोचेल? कृत्य आणि परिणाम यांचा संबंध या वयाच्या मुलाला एकट्याने जोडता येईल काय? आणि आज समोर बसणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी काय घडले आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चित्रपट पाहून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर केवळ आपल्या मुलांना ओळखण्यातून मिळते.

पुनर्जन्माचा अर्थ काढावा काय?

या चित्रपटाला निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी आपले मानले. आपापल्या परंपरेचे सार यात असल्याचे सांगणारी पत्रे अनेक पंथांच्या लोकांकडून आल्याचे रॅमिस यांनी सांगितले होते. बौद्ध देशांतील आणि पाश्चात्त्य बौद्धांतील अनेकजण यात जन्ममरणाचे चक्र पाहतात. तसा अर्थ काढण्यास वाव आहे. परंतु आपल्या मुलांसमोर तो मांडताना जपले पाहिजे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म आणि मागील जन्मीच्या कर्माचे या जन्मी भोगावे लागणारे फळ, या दोन्ही कल्पना नाकारल्या आहेत. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘तुझे दैन्य हे गतजन्मीचे पाप’ असे ऐकविले गेले, त्या समाजातील मुलाला हा चित्रपट गतकर्माची कथा म्हणून शिकविणे मला उचित वाटत नाही. शिवाय ‘मेल्यावर पुन्हा संधी मिळते’ हा अर्थ त्या सहावीतील मुलासारख्या मुलासाठी घातकही आहे.

वास्तविक या कथेत मागचा जन्म कोठेच नाही. आहे तो एकच दिवस, एकच गाव आणि तीच माणसे. बदलते ते नायकाचे आचरण. तो पियानो शिकू लागतो. आरंभी बोटे अडखळतात, पुढे सूर जुळत जातात. दिवसाची पाटी रोज पुसली जाते. पण शिकलेले पुसले जात नाही. झाडावरून पडणाऱ्या मुलाला झेलण्यासाठी तो रोज ठरल्या वेळी धावतो. ते मूल एकदाही आभार मानत नाही. ज्याची कोणी आठवणही ठेवणार नाही असे चांगले कृत्य रोज करणे, याला आपल्याकडे दान म्हणतात. मुलांशी बोलावयाचे ते या दृश्यांविषयी.

म्हातारा

चित्रपटात थंडीने काकडणारा एक निराधार वृद्ध आहे. आरंभी फिल त्याला पाहून खिसे चाचपल्याचे नाटक करतो आणि पुढे जातो. पुढे एका रात्री तो त्याला रुग्णालयात नेतो, तेथे वृद्धाचे निधन होते. फिलला ते मान्य होत नाही. दिवस पुन्हा उजाडतो, तेव्हा तो त्याला गरम सूप पाजतो, त्याचा श्वास परत आणण्यासाठी धडपडतो. तरी वृद्ध मरतोच. स्वतः मरू न शकणारा माणूस दुसऱ्याला मरणापासून वाचवू शकत नाही. मोहरीचे दाणे मागत दारोदार हिंडलेल्या किसागोतमीची कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. त्यांना या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आधीच्या आत्महत्यांच्या दृश्यांनी मरणाविषयी जो खोटा दिलासा दिला, त्याला चित्रपटाने स्वतःच दिलेले हे उत्तर आहे. परंतु ते बऱ्याच उशिरा येते. चित्रपट अर्ध्यावर सोडून झोपी गेलेल्या किंवा मनाने उठून गेलेल्या मुलापर्यंत ते पोहोचत नाही.

निष्कर्ष

तेव्हा माझे मत असे, की ‘ग्राउंडहॉग डे’ पाचवी ते सातवीच्या मुलांना दाखवू नये. आठवीच्या मुलांविषयी वर्गशिक्षकाने ठरवावे. नववी-दहावीच्या मुलामुलींना तो अवश्य दाखवावा. मात्र रात्री दाखवू नये. रविवारी सकाळी दाखविला, तर बोलण्यास पुढे सबंध दिवस मिळतो. आत्महत्यांची दृश्ये सुरू होण्यापूर्वी चित्रपट थांबवून, येथे जे घडते ते केवळ कथेतच घडू शकते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मन फार उदास होते, नकोसे वाटते, तेव्हा कोणाकडे जावयाचे, हेही त्याच वेळी सांगावे. ज्याच्या घरी तसा आघात झाला आहे, त्याला आदल्या दिवशी एकांतात विचारावे आणि न येण्याची मोकळीक द्यावी. लहान मुलांसाठी भूतानचे लामा ख्येंत्से नोर्बू यांचा ‘द कप’ हा १९९९ चा चित्रपट आहे. भारतातील एका तिबेटी विहारातले बालभिक्खू विश्वचषकाचा अंतिम फुटबॉल सामना पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच भाड्याने आणण्याची खटपट करतात, अशी ती हसरी गोष्ट आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना ती आपलीच वाटते.

तो सहावीतील मुलगा पुढे नववीत गेला. त्या वर्षी चित्रपट पुन्हा दाखविण्याचे ठरले, तेव्हा मी त्याला आधी विचारले. तो म्हणाला, ‘बसतो, सर.’ शेवटी नायक जागा होतो, ३ फेब्रुवारी उजाडलेली असते आणि मुले टाळ्या वाजवितात. चर्चेत त्याने हात वर केला : ‘सर, तीन तारीख उजाडली म्हणजे आदल्या रात्री म्हातारा वारला असेल, तर तो आता उठणार नाही ना?’ इतक्या वेळा चित्रपट पाहूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी म्हणालो, ‘नाही उठणार.’ थोडे थांबून तो म्हणाला, ‘मग त्या दिवशी तरी त्याने त्याला जेवू घातलं असेल.’

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती करून थांबतो. आपण चित्रपटांची नावे अवश्य सुचवावीत. त्यासोबत चित्रपट कोणत्या इयत्तेसाठी आहे आणि तो कोठे थांबवून मुलांशी बोलावे, हेही दोन ओळींत लिहून पाठवावे. आपण स्वतः या सतरंजीवर बसलेले आहात. कोणते दृश्य दिवे मालविल्यानंतरही डोळ्यांसमोर राहते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?