पोतं आंगाले लावून

दिवाळीत माळा आवरताना सरावाच्या सहा वह्या हाती लागल्या. 2005 ते 2025, वीस वर्षांचा हिशेब. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलंय : ‘डेडलिफ्ट 60 किलो, 5 वेळा. कंबर ठणकतेय. मजा आली.’ पुढची सहा वर्षं मी कंबर ठणकणं हेच पाठ तयार होत असल्याचं लक्षण समजत होतो.

खामगावात वजन उचलण्याचं कौतुक कुणाला सांगायचं? हे गावच उचल-ठेवीवर उभं राहिलं. इथला कापूस बाहेर नेण्यासाठी जलंबपासून तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा टाकला गेला आणि 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. रुईची दाबलेली गाठ 170 किलोची. पलीकडे शेगावात तर एका पैलवानाची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथातले हरी पाटील गजानन महाराजांना बसल्या जागेवरून उठवायला गेले आणि पाटील घामाघूम झाले तरी महाराज तसूभर हलले नाहीत. भाविक त्यात महाराजांचा अधिकार पाहतात. मी लहानपणापासून हरी पाटलांच्या कमरेचा विचार करत आलोय.

माझं खत-बियाण्यांचं दुकान. सकाळी गोदाम, संध्याकाळी जिम. पहिली जिम म्हणजे टिनाचं शेड होतं. मे महिन्यात लोखंडाला हात लावायचा तर फडकं घ्यावं लागे. रॉड एकच सरळ होता, तो धरायला नंबर लागायचा. डेडलिफ्ट तिथे ‘मारायची’ असे, आणि एकाच प्रकारे : जमिनीवरून, जमेल तितकी जड, एकदाच. ज्याची पाठ भरलेली दिसे त्याला विचारलं की तोही हेच सांगे. त्याची पाठ खरं तर शेतातल्या विहिरीवर घडली होती, हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

दुसऱ्या वहीत 2009 च्या पानावर 140 किलोच्या भोवती तीनदा गोल केलाय. मी तेव्हा 74 किलोचा. आता ते पान पाहताना वजनापेक्षा शेजारी खरडलेली नोंद डोळ्यांत भरते : ‘10-10 च्या प्लेटा लावल्या, 20 च्या दुसऱ्याने घेतल्या.’ सगळी गोम इथेच होती. स्पर्धेतल्या 20 किलोच्या प्लेटेचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. डेडलिफ्टचं सगळं शास्त्र ही उंची धरून रचलंय. आमच्या बिडाच्या 20 किलोच्या प्लेटा त्याहून लहान, दहाच्या तर थाळीएवढ्या. रॉड पार घोट्यांजवळ. म्हणजे फळीवर उभं राहून मुद्दाम खोलवरून उचलण्याचा जो प्रकार तयारीचे लोक जपून आणि हलक्या वजनावर करतात, तो आम्ही रोज, अजाणता, कमाल वजनावर करत होतो. तेवढं खाली वाकायला माझ्या खुब्यांत जागा नव्हती. उरलेलं वाकणं मणक्याने केलं.

2011 च्या पावसाळ्यात, 150 किलोवर, ते वाकणं संपलं. आवाज वगैरे काही आला नाही. रॉड खाली ठेवला आणि बुटाची लेस सोडता येईना. अकोल्याला एमआरआय झाला, चकती सरकली होती. डॉक्टर म्हणाले, आता वजन विसरा. वहीत पुढची चौदा पानं कोरी आहेत.

त्या काळात गोदामात खुर्ची टाकून बसायचो. समोर ट्रक रिकामा होत असायचा. आमच्याकडचा एक हमाल तेव्हा पन्नाशीला टेकला होता. अंगाने काटकुळा, दिवसभर 50 किलोची पोती वाहायचा, कमरेची तक्रार कधी नाही. त्याला मी कारण विचारलं. त्याला वाटलं, शेठ थट्टा करतोय. मग म्हणाला, ‘‘भाऊ, पोतं आंगाले लावून घेतलं त हलकं. दुरून उचललं त तेच पोतं जड. वजन तेच हाय.’’ आणि उचलून दाखवलं : आकड्याने पोतं आधी स्वतःकडे ओढलं, मांडीला टेकवलं, मगच उठला. त्या क्षणात पाठ हललीच नाही. हलले ते गुडघे आणि खुबे.

घरी येऊन मी हिशेब मांडला. पाठीचे उभे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. रॉड नडगीपासून पाच सेंटिमीटर पुढे गेला, तर तेवढ्याने स्नायूंना जवळपास त्या रॉडच्या वजनाइतकीच जास्तीची ओढ द्यावी लागते. 140 किलोचा रॉड बोटभर लांब सुटला की पाठीवर दुसरा 140 चढलाच. डेडलिफ्टचे सगळे प्रकार मला त्या रात्री एका ओळीत दिसले. नावं काहीही असोत, बदलतं ते इतकंच : वजन किती खालून येतंय, आणि कण्यापासून किती लांब आहे.

2012 मध्ये पुन्हा सुरुवात केली ती ठोकळ्यांवरून. बाभळीचे दोन ओंडके, त्यांवर प्लेटा, रॉड गुडघ्याच्या जरा खाली. जिममधली पोरं हसली, ‘‘अर्धीच मारता काय भाऊ?’’ अर्धीच. पण कणा सरळ ठेवून. दर दोन महिन्यांनी सुताराकडून ओंडका दोन बोटं कमी करून आणायचो. जमिनीपर्यंत पोहोचायला दीड वर्ष लागलं.

मग रोमानियन. 1984 च्या ऑलिंपिकमधला सुवर्णविजेता निकू व्लाड हा रोमानियाचा. तो अमेरिकेत सराव करत असताना लोकांनी त्याला या व्यायामाचं नाव विचारलं, तर नावच नव्हतं. मग त्याच्या देशाचं दिलं. यात रॉड वरून खाली नेतात, जमिनीला न टेकवता, मांडी-नडगीला घासत. कंबर मागे ढकलायची, गुडघे जरासे सैल. कणा ताठ राखत वजन हळूहळू खाली सोडायचं, आणि नेमक्या त्याच ताणाने पाठीचे उभे पट्टे जाड झाले. 80 किलोवर आठ-आठचे सेट. सहा महिन्यांत शर्ट मागून घट्ट झाला. 140 ने जे केलं नव्हतं ते ऐंशीने केलं, हे मान्य करायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

रुंद पकडीची डेडलिफ्ट खांद्यांमागचा भाग भरायला नामी, पण मनगटं आणि धीर दोन्ही मागते. हात लांब गेल्याने रॉडसाठी आणखी वाकावं लागतं, तेव्हा माझ्यासारख्याने ती ठोकळ्यांवरूनच करावी. सुमो मला कधी जमली नाही. पाय फाकवल्याने धड उभं राहतं, कमरेला आराम पडतो, हे खरं. पण माझे खुबे तयार होत नाहीत.

आणि एक गोष्ट उशिरा कळली. डेडलिफ्टमध्ये पाठ राबते ती जागच्या जागी, खांबासारखी. तिला रुंदी यायची तर हात ओढावे लागतात. बारवर लटकून वर जाणं, वाकून रॉड पोटाकडे ओढणं. पोरं ज्याला ‘विंग्ज’ म्हणतात ते इथून येतात. पहिल्या दोन वह्यांत पुलअपचा उल्लेख सगळा मिळून अकरा वेळा आहे. मोजला.

ट्रॅप बार मी प्रथम मोबाइलवर पाहिला. अल जेरार्ड नावाच्या अमेरिकन पॉवरलिफ्टरने ऐंशीच्या दशकात स्वतःची दुखरी कंबर वाचवायला तो बनवला. लोखंडी चौकटीच्या आत उभं राहायचं, मुठी दोन्ही बाजूंना. वजन पुढे नाही, शरीराच्या रेषेतच. विकत घ्यायचा तर परवडेना. एमआयडीसीतल्या वेल्डरला कागदावर षटकोन काढून दिला. त्याने विचारलं, बैलगाडीचं काय आहे का? पहिल्या खेपेला मुठी मधोमध आल्या नाहीत, बार पुढे झुकायचा. दुसऱ्या खेपेला नीट झाला. गोदामातल्या काट्यावर 23 किलो भरला.

2020 च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या राज्यात 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. ते सात महिने हा बार गोदामात होता आणि मीही. खतं-बियाणं अत्यावश्यक, दुकान चालू. शटर ओढलं की दोन्ही बाजूंना प्लेटा, त्या कमी पडल्या की दोरीने बांधलेली युरियाची पोती. युरियाचं पोतं 2018 पासून पन्नासचं 45 किलोचं झालंय. बेरीज करताना सवयीने चुकायचं. पाचव्या वहीतली सगळ्यात सलग, सगळ्यात नीट पानं त्याच महिन्यांची आहेत.

आता मी सत्तेचाळीसचा. सोमवारी ट्रॅप बार, गुरुवारी रोमानियन, दोन्ही दिवशी पुलअप. जमिनीवरून सरळ रॉड महिन्यातून एकदा, 120 च्या वर नाही. 150 चा आकडा वहीत परत आलेला नाही, आणणारही नाही.

तो हमाल काम सोडून चार वर्षं झाली. दिवाळीनंतर नातवाला घेऊन फराळाला आला होता. गोदामात भिंतीला टेकवलेली चौकट पाहून म्हणाला, ‘‘हे काय खाट हाय का भाऊ?’’ मी दोन्हीकडे दहा-दहा किलो चढवून त्याला आत उभं केलं. तो वाकला, मुठी चाचपल्या, आणि न शिकवता, कणा सरळ ठेवून उठला. क्षणभर तसाच उभा राहिला.

‘‘याले त आंगाले लावाचीबी गरज नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आपुनच पोत्याच्या अंदर!’’ मग चौकट खाली ठेवून माझ्याकडे बघत, ‘‘आमच्या वक्ताले काऊन नाही बनवलं हे कोनी?’’