दस्तऐवजांचे स्कॅनिंग व नमुना-तपासणी : काही विचारणीय मुद्दे

महाविद्यालयीन कार्यालयातील जुन्या निकाल-नोंदवह्या, जनरल रजिस्टरे, ग्रंथालयाच्या दाखल नोंदवह्या, क्वचित मोडी कागदांचे रुमाल यांचे स्कॅनिंग अनेक संस्था करून घेत असतात. काम बहुधा कंत्राटदाराकडे असते आणि ते स्वीकारताना प्रत्येक पान ताडून पाहणे शक्य नसल्याने काही पाने निवडून तपासली जातात. या नमुना-तपासणीतून काय कळते व काय कळत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘10 टक्के पाने तपासावीत’ अशी अट करारात हमखास आढळते. ती सोयीची असली तरी शास्त्रीय नव्हे. नमुन्याचा विश्वसनीयपणा प्रामुख्याने तपासलेल्या पानांच्या संख्येवर अवलंबून असतो, टक्केवारीवर नव्हे. 200 पानांच्या नोंदवहीत 2 पाने सदोष आहेत असे मानले, तर 20 पाने तपासूनही एकही दोष न आढळण्याची शक्यता सुमारे 81 टक्के असते. उलट 20,000 पानांच्या कामात त्याच अटीने 2,000 पाने तपासण्याचा वृथा खटाटोप होतो.

आयएसओ 2859-1 या मानकातील कोष्टके म्हणूनच गठ्ठ्याच्या आकारानुसार नमुनासंख्या ठरवून देतात. 10,000 पानांच्या गठ्ठ्यासाठी सर्वसाधारण पातळीवर 200 पाने तपासावयाची असून, दोषमर्यादा 1 टक्का धरल्यास 5 सदोष पानांपर्यंत गठ्ठा स्वीकारला जातो. 6 आढळल्यास नाकारला जातो. मात्र प्रत्यक्षात 4 टक्के, म्हणजे 400 पाने सदोष असलेला गठ्ठाही या कसोटीतून साधारणतः पाचांपैकी एकदा सुटून जातो. स्वीकृती म्हणजे निर्दोषत्वाची हमी नव्हे, हे कोष्टक वापरणाऱ्याने ध्यानी घेतले पाहिजे.

याहून गंभीर अडचण वेगळीच आहे. तपासनीस संगणकावरील प्रतिमांतून नमुना निवडतो. परंतु जे पान स्कॅनच झाले नाही, त्याची प्रतिमा त्या संचात नसतेच! चिकटलेली पाने, नोंदवहीत डकवलेल्या चिठ्ठ्या, कोरी समजून वगळलेली मागील बाजू हे दोष अशा तपासणीत कधीही सापडणार नाहीत. नुसती बेरीज जुळणेही पुरेसे नाही, कारण एक पान दोनदा स्कॅन झाले व दुसरे राहून गेले तरी संख्या जुळतेच. म्हणून कागद सोपविण्यापूर्वी संस्थेनेच पृष्ठांकन करावे आणि तो क्रम शंभर टक्के पडताळावा. नमुना-तपासणी ही सुवाच्यतेसाठी राखून ठेवावी, आणि तीही मूळ कागदावरून निवड करून.

मूळ कागद समोर असणे का अगत्याचे, याचे बोलके उदाहरण 2013 मध्ये मिळाले. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केलेल्या बांधकाम नकाशात तीन खोल्यांचे क्षेत्रफळ एकसारखेच, 14.13 चौरस मीटर, आढळले. मूळ आकडे 14.13, 21.11 व 17.42 असे होते. जेबिग-2 या संक्षेपण पद्धतीत सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांसाठी एकच आकृती साठविली जाते. त्यातून हा बदल घडला होता. प्रतिमा स्वच्छ होती, अक्षरे ठळक होती. केवळ आकडे चुकीचे होते. गुणपत्रकांच्या बाबतीत असे घडल्यास एखाद्या माजी विद्यार्थ्याचे गुण बदलतील आणि पडद्याकडे पाहणाऱ्यास त्याचा मागमूसही लागणार नाही.

दोष क्वचितच सर्वत्र विखुरलेले असतात. काचेवरील धूळ सलग शेकडो पानांवर रेघ उमटविते. त्यामुळे यंत्र, कामगार व दिवस यांनुसार स्वतंत्र गठ्ठे करून प्रत्येकातून यादृच्छिक निवड करणे श्रेयस्कर. आणि गठ्ठा नाकारला गेल्यास संपूर्ण गठ्ठ्याची फेरतपासणी व्हावयास हवी. व्यवहारात मात्र नमुन्यात सापडलेली तेवढी सहा पाने बदलून दिली जातात, उरलेल्या 9,800 पानांना कोणी हात लावीत नाही आणि देयक मंजूर होते.