डोक्याने खेळा, डोक्यावर नको!

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट वाढतात. एक तापाचे आणि दुसरे फुटबॉलचे! पालघर असो की बोईसर, जुलै महिन्यात मैदानांचा चिखल होतो आणि त्या चिखलात पोरांना फुटबॉल खेळण्याचा जो हुरूप येतो, तो एरवी वर्षभर येत नाही. मग सुजलेले घोटे, मुरगळलेले गुडघे, सोललेली कोपरे यांची रांग लागते. ही दुखणी डोळ्यांना दिसतात, म्हणून घरचे त्यांची काळजी घेतात. आज लिहायचे आहे ते न दिसणाऱ्या दुखापतीबद्दल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तारापूर एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळीवर काम करणारे एक गृहस्थ सोमवारी सकाळी आपल्या १५ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा आपल्या संघाचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा खेळाडू. आदल्या दिवशी कॉर्नरचा चेंडू डोक्याने काढण्यासाठी त्याने उडी मारली आणि समोरच्याच्या डोक्यावर त्याचे डोके आपटले. मिनिटभर तो खाली बसला, कोणीतरी तोंडावर पाणी मारले आणि गडी पुन्हा उभा राहिला. सामना जिंकला. पण रात्री जेवताना त्याने आईला एकच प्रश्न तीन वेळा विचारला, "आपण कितीने जिंकलो?" आई घाबरली.

"डॉक्टर, बुधवारी सेमीफायनल आहे," वडील म्हणाले. "एखादे इंजेक्शन देऊन टाका ना, तोपर्यंत उभा राहील."

मी मुलाला तपासले. बाहुल्या ठीक, हातापायांत जोर ठीक. महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगितली, तर ऑगस्टपाशी अडखळला. एका पायावर उभा राहिला आणि कलंडला. मी म्हटले, "बुधवारी खेळायचे नाही. पुढचे तीन आठवडे सामना नाही." पोराचे तोंड एवढेसे झाले.

त्याला परदेशी बचावपटूंची नावे पाठ होती. मी विचारले, "महेश गवळी माहीत आहे का रे?" त्याने नकारार्थी मान हलवली. दोष त्याचा नाही. गोल करणाऱ्यांची नावे राहतात, गोल वाचवणाऱ्यांची राहत नाहीत.

१९८० साली जन्मलेले महेश गवळी हे आपल्या शेजारच्या गोव्याचे. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते तयार झाले. चर्चिल ब्रदर्सकडून खेळले, कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळले आणि पुढे गोव्याच्या धेंपो संघाच्या बचावाचा आधार बनले. २००९-१० आणि २०११-१२ साली धेंपोने आय-लीग जिंकली, तेव्हा ते त्या संघात होते. भारताच्या संघातही ते अनेक वर्षे मध्यबचाव सांभाळत होते. निवृत्तीनंतर ते प्रशिक्षक झाले. २०२३ साली बंगळूरला सॅफ स्पर्धा झाली, तेव्हा मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्यावर सामनाबंदी आली होती. उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघाची सूत्रे सहायक प्रशिक्षक गवळी यांच्या हाती होती. लेबनॉन आणि कुवेत या दोन्ही संघांना भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि करंडक घरी आला.

मी मुलाला म्हटले, "बघ, ज्या वयात तू आज आहेस त्या वयापासून चाळिशी उलटेपर्यंत हा माणूस मैदानावर आहे. तुला बुधवारपर्यंत खेळायचे आहे की चाळिशीपर्यंत?"

एक सामना, एक डॉक्टर

गवळी ज्या ईस्ट बंगाल संघात होते, त्याच संघाने जुलै २००३ मध्ये जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघाचा त्यांनी ३-१ असा पराभव केला. हा विजय फुटबॉलप्रेमींना आठवतो. मला डॉक्टर म्हणून आठवतो तो त्याआधीचा, पेर्सिटा संघाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. त्यात ईस्ट बंगालचा देबजित घोष प्रतिस्पर्ध्याशी टक्कर होऊन मैदानावर कोसळला. जीभ मागे पडून त्याचा श्वास अडला. संघाचे डॉक्टर शांतिरंजन दासगुप्ता धावत आत गेले, श्वासमार्ग मोकळा केला, तोंडाने श्वास दिला आणि पोरगा वाचला.

वाचकहो, आपल्या गावच्या स्पर्धेत करंडकाला, फटाक्यांना, लाउडस्पीकरला पैसे असतात. मैदानाच्या कडेला प्रथमोपचार जाणणारा एक माणूस आणि एक गाडी मात्र नसते.

डोक्यात नेमके काय होते?

सुका नारळ हलवून पाहा. आतला गोटा करवंटीवर आपटून खुळखुळतो. आपला मेंदू इतका सुटा नसतो, पण तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत हिसकला जातो. बाहेर जखम नसेल, रक्त नसेल, शुद्ध हरपली नसेल, तरीही मेंदूच्या पेशींचे कामकाज काही काळ बिघडते. याला कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅन अनेकदा अगदी स्वच्छ येतो, कारण बिघाड रचनेत नसून कामात असतो. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे, खेळू द्या" हे म्हणणे चूक.

खरा धोका दुसऱ्या टकरीचा. पहिल्या हिसक्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडते ते बहुधा कोवळ्या वयाच्या खेळाडूंमध्ये.

हे मला आज कळते. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी हौसेने मैदानावरचा डॉक्टर म्हणून बसलो होतो. एक बचावपटू डोके धरून बाहेर आला. मी टॉर्च मारून बाहुल्या पाहिल्या, नाव विचारले, त्याने बरोबर सांगितले. "काही नाही, जा खेळ," असे म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारली. परतताना टेम्पोत त्याला उलट्या झाल्या. सुदैवाने जीव वाचला, पण पुढचे दोन-तीन महिने पुस्तक उघडले की त्याचे डोके ठणकत असे. त्या वर्षी तो दहावीला बसू शकला नाही. ती थाप मी विसरलेलो नाही.

बचावपटूंचा हिशेब

बचावपटू उंचावरून येणारा चेंडू डोक्याने परतवतो, दिवसभर, वर्षानुवर्षे. त्याचा परिणाम काय होतो, हा प्रश्न नॉर्वेतील डॉक्टरांनी फार पूर्वी विचारला. त्यांनी राष्ट्रीय संघाच्या ३३ माजी खेळाडूंचे सीटी स्कॅन केले. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारे एक तृतीयांश खेळाडूंमध्ये मेंदूचा मधला भाग आकसलेला दिसला.

पुढे ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. हे २०१९ साली छापून आले. २०२१ साली त्यांनी जागेनुसार हिशेब मांडला. अशा आजारांचा धोका गोलरक्षकाला जवळजवळ इतरांइतकाच, तर बचावपटूला सुमारे पाच पट!

घाबरून मुलांचा चेंडू मात्र काढून घेऊ नका. त्याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. शिवाय हा हिशेब वर्षानुवर्षे पोटासाठी खेळलेल्यांचा आहे, रविवारी खेळणाऱ्यांचा नव्हे. पण यातून शहाणपण घ्यावे. इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये २०२० पासून ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना सरावात हेडर शिकवत नाहीत. आपणही तेवढे करू शकतो. लहान मुलांना आधी जागा धरायला शिकवा. चेंडू कुठे पडणार हे ओळखून तिथे आधी पोचणारा बचावपटू कमी धडकतो आणि जास्त वर्षे खेळतो.

हे लक्षात ठेवा

१. डोक्याला मार लागल्यावर खेळाडू गोंधळला, चक्कर आली, डोके दुखले, अंधारी आली, पुन्हा पुन्हा तेच विचारू लागला, तर त्याला लगेच बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा आत पाठवू नका. शंका असली तरी बाहेरच!

२. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जाग न येणे, बाहुल्या लहानमोठ्या होणे, हातापायात अशक्तपणा, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय न करता थेट मोठे रुग्णालय गाठा. खेळाडू बेशुद्ध असेल किंवा मान दुखत असेल, तर उचलून पळवू नका. मान सरळ स्थिर ठेवा, श्वास चालू आहे का पाहा आणि १०८ ला फोन करा.

३. पहिली रात्र एकटे झोपू देऊ नका. झोप लागली तर लागू द्या, पण अधूनमधून उठवून पाहा.

४. डोके दुखल्यास पॅरासिटामॉल चालेल. अॅस्पिरिन, ब्रुफेन मनाने देऊ नका.

५. पहिले दोन दिवस विश्रांती. मोबाइल, टीव्ही कमी. मोटरसायकल, पोहणे बंद. मग चालणे, नंतर हलके धावणे, नंतर टकरीविना सराव. त्रास झाला तर एक पायरी मागे. शाळकरी मुलांनी किमान तीन आठवडे आणि तेही सारी लक्षणे गेल्यावरच सामना खेळावा.

६. कोणी "चल, काही होत नाही" म्हणाले, तर त्याच्या थापेपेक्षा आपल्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहा. थाप मारणारा डॉक्टर असला तरी!

तर आमच्या त्या स्टॉपरने सेमीफायनल मैदानाबाहेर बसून पाहिली. त्याचा संघ हरला. वडील दोन दिवसांनी दाखवायला घेऊन आले, तेव्हा पोरगा माझ्याशी बोलला नाही. गणपतीच्या सुमारास पुन्हा आला, या वेळी घोटा मुरगळून. मी महिन्यांची नावे उलट म्हणायला सांगितली. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत त्याने एका दमात म्हणून दाखवली आणि म्हणाला, "डॉक्टर, आता घोट्याचे बघा ना!"