गाडीच्या पोटात (9) : इंजिन बांधायचं, पण सैल

क्लच सोडल्यावर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत कसा पोचतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढ्याच जोराने इंजिन उलट दिशेला पिळवटतं. न्यूटनचा तिसरा नियम बॉनेटखाली रजेवर जात नाही. हा पीळ सोसतं ते इंजिन माउंटिंग. आपला मिस्त्री त्याला ‘फाउंडेशन’ म्हणतो.

पीळ किती, हे हिशोब केल्याशिवाय पटत नाही. छोट्या गाडीचं इंजिन 110 न्यूटन-मीटर टॉर्क देतं असं धरा. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण साडेतीन पट होतो, डिफरेन्शियलमध्ये आणखी चौपट. म्हणजे चाकांवर पंधराशेच्या वर. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दीडशे किलो टांगल्यासारखं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल सगळं एकाच गाठोड्यात असतं, त्यामुळे हा पुरा हिसका फाउंडेशनवरच येतो. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत डिफरेन्शियलचा वाटा मागचा अ‍ॅक्सल उचलतो.

मग इंजिन थेट चॅसीला बोल्टने आवळून का टाकत नाहीत? कारण ते थरथरतं. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमवर नुसतं उभं असलं तरी सेकंदाला सुमारे 27 स्फोट होतात. मारुती 800 सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत 20. थरथर जितकी संथ, तितकी ती अडवायला अवघड आणि रबर तितकं मऊ लागतं. पण मऊ रबरावर इंजिन हिसक्याला डोलतं. एकाच तुकड्याने मऊही असावं आणि कडकही, अशी ही मागणी आहे.

साधा उपाय म्हणजे कामाची वाटणी. दोन बाजूंची फाउंडेशन वजन पेलतात. खाली हाडकाच्या आकाराचा एक दांडा असतो, तो वजन फारसं घेत नाही, फक्त डोलणं रोखतो. महागड्या उपायात रबराच्या पोटात ग्लायकॉलमिश्रित द्रव भरलेले दोन कप्पे असतात. बारीक थरथर आतला पातळ पडदाच जिरवतो. मोठा हिसका बसला की द्रवाला अरुंद वाटेतून दुसऱ्या कप्प्यात जावं लागतं आणि इंजिनाचा झोका तिथेच मोडतो.

फाउंडेशन तुटलं तर काय होतं, याचा धडा अमेरिकेत मिळाला. 1965 ते 1969 दरम्यानच्या शेव्हरोले गाड्यांत रबर धातूपासून सुटायचं, इंजिनाची एक बाजू वर उचलली जायची आणि त्या ओढीने अ‍ॅक्सिलरेटर उघडाच अडकायचा. डिसेंबर 1971 मध्ये जनरल मोटर्सने सुमारे 67 लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय, तर इंजिन वर उठू नये म्हणून एक तारेची केबल! पुढे रबर फाटलं तरी धातूचे भाग एकमेकांत अडकून राहतील अशी रचना रूढ झाली.

आपल्याकडे दुखणं सहसा सौम्य असतं. सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंग थरथरतं, रिव्हर्स टाकला की ‘धप्’ होतं, क्लच सोडताना गिअरचा दांडा उडी मारतो. लोक आधी प्लग बदलतात, थ्रॉटल साफ करून घेतात, आणि फाटलेल्या रबराकडे शेवटी लक्ष जातं. हा उलटा क्रम आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच पकडेपर्यंत सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभं राहून बघा. गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. इंजिन थोडं कलणारच, पण उचलून आपटत असेल तर फाउंडेशन गेलं. द्रव भरलेल्यावर ओघळ दिसला तरी तेच समजा.

हौशी मंडळी शर्यतीच्या गाडीचं कडक पॉलियुरेथेनचं फाउंडेशन बसवतात. रोजच्या गाडीला ते लावू नये, दात वाजतात. आणि नवीन बसवताना मिस्त्रीला सांगा : बोल्ट आधी सैलच ठेव, जॅक काढून इंजिनाचं वजन बसू दे, मग आवळ. पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं रबर लवकर फाटतं.