बीबीए डिजिटल करून पोरं काय करणार?



बारावीचा निकाल लागला की संस्थेत हमखास विचारणा होते, "बीबीए डिजिटल केलं तर नोकरी लागती का?" आम्ही चौकशी केली, ती इथं मांडतो.

या पदवीत हिशेब, विक्री, व्यवस्थापन आणि त्याच्या जोडीला डेटा, ऑनलाइन व्यवहार, जाहिरात असं शिकवतात. बंगळूरच्या आयआयएमनं २०२४ मध्ये अशी ३ वर्षांची बीबीए ऑनलाइन सुरू केली. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, शिकवणं इंग्रजीत. मधे थांबावं लागलं तरी १ वर्षानं प्रमाणपत्र, २ वर्षांनी पदविका मिळते. म्हणजे बोरगावात राहूनही शिकता येतं.

कॉलेजला घालणार असाल तर २०२४-२५ पासून बीबीए-बीसीएला एआयसीटीईची मान्यता लागते, ती आधी बघा. कोल्हापूर-इचलकरंजीकडं जाणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या सीईटीची तारीख चुकवू नये.

कामं मिळतात ती डिजिटल मार्केटिंग, ऑनलाइन ऑर्डर आणि साठा सांभाळणं, बँक-फायनान्स अशी. नुसत्या पदवीवर सुरुवातीचा पगार बेताचाच. एक्सेल, टॅली, जीएसटी आणि इंग्रजी बोलणं येत असेल तर पुढं सरकता येतं.

आपल्या धंद्यातही अशी माणसं लागणार आहेत. केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केला. मच्छीमारांची नोंदणी, कर्ज, विमा सगळं तिकडंच चाललंय.

तेव्हा कर्ज काढून फी भरण्याआधी एकदा पोराला-पोरीला घेऊन संस्थेत या. बसून बोलू.

— सचिव