पवनचक्कीच्या घरी भाडेकरू लाट

आवडी चेन्नईची म्हणवते, पण समुद्राशी तिचा संबंध नाही. इथे रणगाड्यांचा कारखाना आहे, लोकलचं कारशेड आहे, आणि मे महिन्यात समुद्रावरचा वारा पोचलाच तर संध्याकाळी. चेन्नईच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैत मात्र वेळचेरी–तांबरम रस्त्यावर दोन केंद्रीय संस्था आहेत: राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आणि राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था. एकीचा विषय वारा, दुसरीचा समुद्र. भर समुद्रात पवनचक्की उभारायचीच असेल, तर तिच्या पायाशी आपटणाऱ्या लाटेचीही वीज का करू नये, हा प्रश्न या दोन संस्थांच्या अगदी मधोमध पडतो.

लाटेची वीज आपल्याला नवी नाही. केरळात विळिंजमला मद्रास आयआयटीच्या मंडळींनी 1991 साली 150 किलोवॉटचं केंद्र चालू केलं. बंदराच्या बांधाजवळ काँक्रीटची प्रचंड पेटी बसवली होती. लाट आत शिरली की पेटीतलं पाणी चढे आणि वरची हवा बाहेर ढकलली जाई. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाई. हवा येवो की जावो, तिच्या वाटेत बसवलेलं वेल्स टर्बाइन एकाच दिशेला फिरतं. बेलफास्टच्या अ‍ॅलन वेल्स यांची ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते. पुढे याच केंद्रावर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करण्याचे प्रयोग झाले, आणि मग ते बंद पडलं.

त्याच 1991 साली डेन्मार्कने विंडेबीला जगातलं पहिलं सागरी पवनऊर्जा केंद्र उभारलं. अकरा चक्क्या, प्रत्येकी 450 किलोवॉटची. वारा तिथून सुसाट निघाला. आज एकेक सागरी चक्की 15 मेगावॉटची असते. लाट अजून प्रयोगशाळेच्या दारातच घुटमळते आहे. दोघांना एकत्र आणण्याचा गाजलेला प्रयोगही विंडेबीजवळच झाला. 2008 साली पाण्यात उतरलेल्या ‘पोसायडन 37’ या 37 मीटर रुंद तराफ्यावर तीन छोट्या चक्क्या होत्या आणि पुढच्या बाजूला लाटेबरोबर खालीवर होणारे तरंगते भाग.

भागीदारी किती बरोबरीची, ते हिशेबाने पाहू. लाटेची उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट होते. किनाऱ्याला समांतर दर मीटरमागे सरासरी दहा किलोवॉट धरले आणि तराफा शंभर मीटर रुंद असला, तर आलेली लाट पूर्ण गिळली तरी एक मेगावॉट. वर 15 मेगावॉटची चक्की वर्षभराच्या सरासरीने चाळीस टक्के चालली तरी सहा मेगावॉट देते. म्हणजे लाट ही भाडेकरू, घर वाऱ्याचं. पण भाडेकरू असला तरी समुद्रातली केबल, नांगराच्या साखळ्या, दुरुस्तीची बोट, परवानग्या, हा सगळा खर्च वाटला जातो. शिवाय लाटेची ऊर्जा काढून घेतली की तराफ्याचं हेलकावणं कमी होऊ शकतं, आणि त्याच्या आडोशाला दुरुस्तीची बोट लावणं सोपं जातं. मला विजेपेक्षा हाच फायदा मोठा वाटतो.

वारा पडला तरी लाट चालू राहते, म्हणून वीज सलग मिळते, हा युक्तिवाद युरोपातून आला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो अर्धाच लागू पडतो. जून ते सप्टेंबर वाराही सोसाट्याचा आणि दर्याही खवळलेला. उन्हाळ्याआधी दोघेही सुस्त. केरळच्या दक्षिण टोकाला मात्र दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा येतात, कधीकधी तिथे पानही हलत नसताना. तिथले लोक त्या अवचित चढणाऱ्या समुद्राला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. संयुक्त यंत्राचा विचार करायचा तर जागा अशा टापूत शोधावी. चेन्नईसमोर शोधू नये: नैर्ऋत्य मोसमात इथली लाट मवाळ, आणि डिसेंबरात चक्रीवादळं. 2016 चं वरदा, 2023 चं मिचौंग या शहराने सोसलं आहे. लाटेच्या यंत्राची गोची हीच असते. कमवायचं लहान लाटेवर, आणि टिकायचं मात्र दहा-बारा मीटरच्या लाटेत.

केंद्र सरकारने जून 2024 मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॉट पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. त्या पैशात लाटेला वेगळं ताट वाढलेलं नाही, आणि मला ते चुकीचंही वाटत नाही. मद्रास आयआयटीचं ‘सिंधुजा-1’ हे लाटेचं यंत्र 2022 साली तूतिकोरिनसमोर तरंगलं तेव्हा त्याची क्षमता होती 100 वॉट. एवढ्याशा यंत्राला चक्कीच्या महागड्या तराफ्यावर बसवायची घाई कशाला? आधी त्याने चक्कीच्या शेजारचे तरंगते मापनसंच, दिवे, संदेशयंत्रं चालवून दाखवावीत. महासागर संस्थेने लाटेवर चालणारी दिशादर्शक बोया आवडीपासून फार लांब नसलेल्या एन्नूरच्या कामराजर बंदरात वापरून दाखवली आहेच.