ओटी टेक्निशियन : ऐकीव काय, खरे काय

घोड नदीकाठचे इनामगाव बाहेरच्यांना माहीत आहे ते डेक्कन कॉलेजने तिथे केलेल्या उत्खननामुळे. गावातल्या माणसाच्या अडचणी मात्र आजच्या असतात. सिझर असो, हर्निया असो की मोतीबिंदू, ऑपरेशन म्हटले की शिरूर नाहीतर दौंड गाठायचे आणि तिथे नाही जमले तर पुणे. तालुक्याच्या गावातल्या छोट्या खासगी हॉस्पिटलांत सर्जन पुष्कळदा ठरलेल्या वारी येतो, भूलतज्ज्ञाला फोन करून बोलावले जाते. दोघे आपापल्या गाडीने निघून गेले तरी ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, ज्याच्या ताब्यात राहते तो ओटी टेक्निशियन. या कामाविषयी बारावीच्या निकालानंतर घराघरांत जे बोलले जाते, त्यातले बरेचसे अर्धवट आहे आणि काही तर धोकादायक.

“डॉक्टर मागतील ते हातात द्यायचे, एवढेच ना?”

सिझरचेच बघा. पेशंट टेबलावर येण्याआधी टेक्निशियनचे निम्मे काम उरकलेले असावे लागते. सक्शन नीट ओढते का, विजेने कापणारी, रक्त थांबवणारी कॉटरी चालू होते का, भुलीच्या मशीनला ऑक्सिजन पुऱ्या दाबाने येतो का, राखीव सिलिंडर खरोखर भरलेला आहे की नुसता उभा आहे, बाळाचा वॉर्मर तापला का. मग हात धुणे, गाऊन, ग्लोव्हज आणि ट्रॉलीची मांडणी. मांडणी वापराच्या क्रमाने असते: ब्लेड, आर्टरी आणि अ‍ॅलिस हे चिमटे, मूत्राशय बाजूला धरणारा डोयन रिट्रॅक्टर, गर्भाशयाच्या कापलेल्या कडा पकडायला ग्रीन-आर्मिटेज. गर्भाशय उघडले की पुढची दोन-तीन मिनिटे भराभर जातात. बाळ बाहेर येते, नाळेला दोन क्लॅम्प लागतात, मधोमध कात्री चालते, बाळ बालरोगतज्ज्ञाकडे जाते आणि इकडे रक्तस्राव सुरूच असतो. सर्जनची नजर जखमेवरून हलत नाही, फक्त हात पुढे येतो. त्या हातात धागा ओवलेला निडल होल्डर योग्य दिशेने, योग्य कोनात पडायला हवा. त्यासाठी ऑपरेशनची पुढची पायरी कोणती, हे टेक्निशियनला शरीररचनेसह माहीत असावे लागते. नुसती हत्यारांची नावे पाठ असून भागत नाही.

थिएटरमध्ये ही कामे दोन प्रकारची असतात. एक जण निर्जंतुक होऊन टेबलाशी उभा राहतो, दुसरा ‘फ्लोअर’ला राहून लागेल ते पुरवतो आणि नोंदी ठेवतो. मोठ्या रुग्णालयांत टेबलाशी बहुधा स्क्रब सिस्टर असते आणि टेक्निशियन मशीन, भुलीचे साहित्य, पेशंटची पोझिशन बघतो. छोट्या गावात ही वाटणी नसते. म्हणूनच तिथल्या माणसाचे शिक्षण शहरातल्यापेक्षा अधिक पक्के हवे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटे घडते.

आणखी एक कौतुक ऐकू येते: “आमच्याकडचा पोरगा टाकेसुद्धा घालतो.” यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. शस्त्रक्रिया करणे, भूल देणे ही नोंदणीकृत डॉक्टरची कामे आहेत. वीस वर्षे थिएटरमध्ये काढल्याने तो अधिकार मिळत नाही, आणि पेशंटला काही झाले तर ‘सवय होती’ हे उत्तर कुठेच चालत नाही.

“उकळले की झाले”

हा गैरसमज सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट आहे. उकळत्या पाण्याने पुष्कळ जंतू मरतात, पण काही जिवाणूंचे कवचबंद बीजाणू, ज्यांना स्पोअर म्हणतात, ते टिकून राहतात. धनुर्वाताचा जंतू त्यांतलाच. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करायला दाबाखालची वाफ लागते. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, फक्त त्याचे नियम स्वयंपाकघरापेक्षा फार कडक. १२१ अंश सेल्सिअसला १५ ते ३० मिनिटे किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटे, तेही आतली हवा पूर्ण निघून गेल्यावर. कपडे-हत्यारे ठेवायचा ड्रम ठासून भरला तर वाफ मधल्या कपड्यांपर्यंत पोचत नाही. ड्रमची भोके आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढताना बंद करायची, ही साधी गोष्ट विसरली तर सगळी मेहनत वाया. गठ्ठा ओला बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नाही, परत लावायचा.

याच्याच पोटातला दुसरा समज गठ्ठ्यावर लावायच्या चिकटपट्टीचा. पट्टीवरच्या रेषा काळ्या झाल्या की माल ‘पास’ असे समजतात. ती पट्टी एवढेच सांगते की हा गठ्ठा उष्णतेतून गेला. वाफ आतपर्यंत पोचली की नाही, हे कळायला गठ्ठ्याच्या आत रासायनिक सूचक ठेवावा लागतो, आणि जंतू खरोखर मेले की नाही, हे कळायला ठरावीक दिवसांनी जिवंत स्पोअर असलेली चाचणी लावावी लागते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची बरीच उपकरणे वाफेत घालता येत नाहीत, ती ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावात बुडवतात. वीस मिनिटांत त्याने उच्च दर्जाचे जंतुनाशन (डिसइन्फेक्शन) होते, पण स्पोअरसकट सगळे मारायला सुमारे दहा तास लागतात. बाहेर काढल्यावर उपकरण निर्जंतुक पाण्यानेच धुवायचे. इथे नळाचे पाणी वापरले की काही आठवड्यांनी पोटावरच्या छोट्या छिद्रांपाशी गाठी आणि पू येऊ लागतो. क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातले, पाण्यात राहणारे जंतू त्यामागे असतात आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. पेशंट मग दवाखाने बदलत फिरतो, सर्जनला दोष देतो. चूक झालेली असते ती धुण्याच्या टबापाशी.

तापमान नेमके का पाळायचे, याचा एक दाखला आपल्याच राज्यातला आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड वापरून पाहिले आणि २००३ मध्ये त्यावरचा बहुकेंद्री अभ्यास ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. पुढे आफ्रिकेतही अशा जाळ्यांचे प्रयोग झाले. पण यांतल्या पॉलिएथिलीनच्या जाळ्या १२१ अंशांच्या वाफेतच लावाव्या लागतात. वेळ वाचवायला कुणी १३४ चे चक्र निवडले तर धागा वितळतो, आक्रसतो आणि जाळी निकामी होते. इतकी स्वस्त, इतकी उपयोगी कल्पना शेवटी बटण दाबणाऱ्याच्या ज्ञानावर उभी असते.

“मोजणी म्हणजे कागद भरणे”

पोटात कापड विसरल्याची बातमी आली की लोक म्हणतात, डॉक्टर निष्काळजी. निष्काळजीपणा असतोही. तरी रक्ताने भिजलेला गॉज आतड्याच्या घडीत किती सहज दिसेनासा होतो, हे थिएटरमध्ये उभ्या राहिलेल्यालाच कळते. म्हणून मॉप, गॉज, सुया, हत्यारे सुरुवातीला मोजतात, पोकळी बंद करण्याआधी मोजतात आणि त्वचा शिवण्याआधी पुन्हा मोजतात. सिझरमध्ये गर्भाशय शिवून घेण्याआधी आणखी एकदा. मोजणी दोघांनी मिळून, मोठ्याने, प्रत्येक नग सुटा करून करायची. पोटात वापरायच्या कापडात क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो. आकडा जुळला नाही तर एक्स-रे काढून शोधता यावे, हा त्याचा उपयोग.

या विषयावरचे सर्वाधिक गाजलेले संशोधन मराठी मुळाच्या सर्जनचे आहे. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत वाढले, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. गावंडे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शरीरात वस्तू राहून गेलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. तातडीची शस्त्रक्रिया असेल, ऐनवेळी बेत बदलला असेल, तर धोका कितीतरी वाढतो असे त्यात दिसले. पण त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती: जिथे मोजणी झाली होती, तिथल्या बहुतेक प्रकरणांत कागदावर आकडा ‘बरोबर’ लिहिलेला होता. म्हणजे मोजणी होत होती, पण कुणीतरी गृहीत धरून पुढे जात होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली शस्त्रक्रिया सुरक्षा यादीही गावंडे यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली. एकोणीस मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. थांबून विचारायचे, मोठ्याने उत्तर द्यायचे.

आपल्याकडे हे अवघड का जाते, याचे कारण यादीत नाही, वागण्यात आहे. सर्जन ‘सर’ असतात, टेक्निशियन गावातला बावीस वर्षांचा पोरगा. “सर, एक मॉप कमी आहे, थांबा,” असे म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या मते प्रशिक्षणातला सर्वांत कठीण धडा हाच आहे, आणि तो फक्त शिकणाऱ्याला देऊन उपयोग नाही. असे ऐकल्यावर न चिडता थांबणारा सर्जनही घडवावा लागतो.

छोटे पण महागात पडणारे समज

पेशंटच्या अंगाला चिकटवायची कॉटरीची प्लेट कुठेही लावली तरी चालते, असे काही जण धरून चालतात. नाही चालत. हाडाच्या उंचवट्यावर, केसाळ किंवा ओल्या त्वचेवर किंवा अर्धीच चिकटलेली प्लेट भाजते. स्पिरिटयुक्त द्रावाने त्वचा पुसली असेल तर किमान तीन मिनिटे वाळू द्यायची. कमरेखाली साचलेला ओघळ आणि कॉटरीची ठिणगी यांतून आगी लागलेल्या आहेत.

रात्री फॉर्मॅलिनची धुरी दिली की थिएटर शुद्ध, हाही असाच समज. फॉर्मॅलिनमधला फॉर्मॅल्डिहाइड हा कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि धूळ-रक्त नीट पुसले नसेल तर धुरीचा उपयोग जवळजवळ नाही. लादी, टेबल, दिवे घासून पुसणे आणि गाळलेल्या हवेचा प्रवाह आतून बाहेर राहील असे पाहणे, याला पर्याय नाही.

आणि हे मुलांचेच काम, मुली घाबरतात, हेही ऐकलेलेच. पहिल्यांदा थिएटरमध्ये उपाशीपोटी, गुडघे ताठ करून तासभर उभे राहिले तर कुणालाही चक्कर येते. न्याहारी करून या, पाय हलवत राहा, गरगरले तर निर्जंतुक टेबलापासून मागे सरून खाली बसा. आठवड्याभरात सवय होते.

“वीज गेली तर जनरेटर आहेच”

जनरेटर सुरू व्हायला काही क्षण लागतात आणि कधी तो सुरूच होत नाही. गावाकडच्या टेक्निशियनला पायाने चालणारे सक्शन, हाताने दाबायची अँबू बॅग आणि चार्ज केलेला दिवा अंधारातही सापडला पाहिजे. सिलिंडर बदलणे हीसुद्धा ताकदीपेक्षा डोक्याची गोष्ट आहे. आपल्याकडचा रूढ रंग ऑक्सिजनसाठी काळा आणि खांदा पांढरा, नायट्रस ऑक्साइडसाठी निळा. भुलीच्या मशीनवरच्या सिलिंडरला ठरलेल्या जागी पिनांची छिद्रे असतात, ऑक्सिजनची २ आणि ५, नायट्रसची ३ आणि ५, म्हणजे चुकीचा सिलिंडर बसूच नये. तो बसत नसेल तर पिना वाकवून, जादा वॉशर घालून ‘जमवायचे’ नाही. तो बसत नाही, यातच सूचना आहे.

“सहा महिन्यांचा कोर्स, १०० टक्के नोकरी”

शिरूर, दौंड, रांजणगाव रस्त्यावरच्या फलकांवर भरवसा टाकण्याआधी साधा हिशेब करा. राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ मध्ये झाला. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे, आणि ओटी व भूल तंत्रज्ञ त्याच्या अनुसूचीत आहेत. सहा महिने, महिन्याला पंचवीस दिवस, रोज चार तास धरले तर होतात ६०० तास, तेही फळ्यासमोरचे धरून.

महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर तीन वर्षे आणि पुढे एक वर्ष इंटर्नशिप, त्यात ओटी टेक्निशियन ही शाखा मिळते. ज्याला कमी मुदतीचा कोर्स करायचाच आहे, त्याने पैसे भरण्याआधी संस्थेचे जोडलेले हॉस्पिटल कोणते, तिथे रोज किती ऑपरेशने होतात आणि एका केसला किती विद्यार्थी उभे असतात, हे स्वतः जाऊन बघावे. मागच्या तुकडीतल्या एखाद्याचे लॉगबुक मागून घ्यावे. त्यात किती सिझर, किती हर्निया, हाडांची किती प्लेटिंग लिहिली आहेत, त्यांत विद्यार्थी ‘बघत होता’ की ‘स्क्रब झाला होता’, आणि प्रत्येक नोंदीखाली सही थिएटरमधल्या माणसाची आहे की ऑफिसातल्या, एवढे वाचले की कोर्सची किंमत कळते.